एका हातानें बांधलेली माशी



माशी हाकलावी, फार झालें तर मारावी; ती 'बांधावी' ही भाषा आपल्याकडे कोणी ऐकलेली नसेल. आजच्या भाषणाचें नांव ऐकून, निवेदकांच्या बोलण्यांत कांहीं चूक झाली, 'मासा' म्हणावयाचें होतें आणि 'माशी' म्हटलें गेलें, असेंहि कित्येकांना वाटलें असेल. तसें नाहीं. माशी हाच शब्द बरोबर आहे. मासा तिच्या मागून येतो.

युरोप-अमेरिकेंतील थंड, खळाळत्या नद्यांत ट्राउट जातीचे मासे असतात. इंग्रजांनीं हौसेनें ते विसाव्या शतकाच्या आरंभास आपल्या काश्मिरांत आणि निलगिरीवरहि आणून सोडले, आणि तेथें ते आजहि नांदत आहेत. पाण्यांत वाढणारे आणि पाण्यावर पडणारे लहान लहान किडे हें या माशांचें आवडतें अन्न. खरा किडा गळाला लावावा, तर तो इतका नाजूक कीं टोंचतांच फाटून जातो. म्हणून गळावरच पिसें, केस, लोकर, रेशीम यांचा खोटा किडा तयार करावयाचा आणि तो खऱ्या किड्यासारखा पाण्यांत खेळवावयाचा. या खोट्या किड्याला इंग्रजींत 'फ्लाय', म्हणजे माशी, म्हणतात. आणि तो सर्वस्वीं दोऱ्याच्या वेढ्यांनीं घडत असल्यामुळें तो 'बांधला' असें म्हणतात. त्यांत शिवण नाहीं, खिळा नाहीं, आणि डिंक असलाच तर शेवटच्या एका थेंबापुरता. या कलेंत मोरपिसाच्या हिरव्या-सोनेरी तंतूंना मोठा मान आहे. आपल्या सह्याद्रीच्या रानांत राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरचीं, लाखेचे थेंब पडल्यासारखीं दिसणारीं पिसें एके काळीं विलायतेंत सॅमन पकडण्याच्या भपकेबाज माश्यांवर मिरवत असत. आज तो पक्षी आपल्याकडे कायद्यानें संरक्षित आहे, आणि हें योग्यच झालें.

हें काम टेबलाशीं बसून करावयाचें असतें. गळ असतो बोटाच्या पेराएवढा, पुष्कळदां त्याहूनहि लहान. तो एका छोट्या व्हाइसच्या, म्हणजे पेंच फिरवून आवळावयाच्या सांडशीवजा साधनाच्या, जबड्यांत पक्का बसवितात. मग कारागीर डाव्या हाताच्या दोन बोटांत पीस धरून गळाच्या पाठीवर टेकवितो, उजव्या हातानें दोरा त्या चिमटींतून वर नेऊन पलीकडे उतरवितो, आणि पीस हलूं न देतां वेढा आवळतो. चिमूट किंचित् ढिली पडली कीं पीस दोऱ्याबरोबर फिरून गळाच्या पोटाखालीं जाऊन बसतें. दोन्ही हात शाबूत असलेल्या माणसालाहि पहिले आठ दिवस असें वाटतें कीं आणखी एक हात असता तर बरें झालें असतें. हेंच काम एकच हात चालत असलेल्या माणसानें कसें करावें, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न हौसेंतून निघालेला नाहीं. अमेरिकेचें सैन्य २००१ सालीं अफगाणिस्तानांत आणि २००३ सालीं इराकांत उतरलें. या दोन लढायांत रस्त्याच्या कडेला दडविलेल्या स्फोटकांनीं फार माणसें जायबंदी झालीं. छाती-पोट झांकणारें चिलखत आणि तांतडीचें शस्त्रवैद्यक यांच्यामुळें, पूर्वीच्या युद्धांत जो शिपाई जागच्या जागीं मेला असता तो वांचला. पण चिलखताबाहेर राहिलेले हातपाय वांचले नाहींत. दीड हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांना या लढायांपायीं हात किंवा पाय गमवावा लागला. त्यांत पाय गेलेल्यांची संख्या मोठी, हात गेलेल्यांची लहान. परंतु हात अंगावर असूनहि कामांतून गेला, अशांची गणना या आंकड्यांत होत नाहीं. खांद्यापाशीं मज्जातंतु तुटले, किंवा मेंदूला मार बसून अर्धें अंग लुळें पडलें, तर हात दिसतो, पण चालत नाहीं.

वॉशिंग्टन शहरांत वॉल्टर रीड या नांवाचें लष्कराचें मोठें रुग्णालय होतें. २०११ सालीं तें बंद करून जवळच्या बेथेस्डा येथील आरमारी रुग्णालयांत मिळविण्यांत आलें. आरमारांतून निवृत्त झालेले कॅप्टन एड निकल्सन हे त्या वॉल्टर रीडमध्यें स्वतः उपचार घेत होते, आणि त्यांच्या भोंवतीं हीं तरुण, अर्धवट झालेलीं माणसें वावरत होतीं. निकल्सन यांना मासेमारीचा नाद. त्यांनीं २००५ सालीं 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' या नांवानें या माणसांना माशी बांधण्यास आणि गळ फेंकण्यास शिकविण्याचा उपक्रम तेथेंच सुरू केला. फेंकण्याचे धडे रुग्णालयाच्या हिरवळीवर, जवळपास पाण्याचा थेंब नसतांना, देण्यांत येत. पुढें हा उपक्रम अमेरिकेंतील इतर अनेक लष्करी आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पसरला.

येथें कोणीहि सुज्ञ श्रोता विचारील कीं ज्याचा हात गेला त्याला पोटापाण्याचा उद्योग शिकवावा. हा विलायती छंद कशाला? आक्षेप वाजवी आहे. पोटापाण्याच्या उद्योगाची बाजू आपल्या महाराष्ट्रानेंहि फार पूर्वींच उचलली आहे. १९१७ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतांना, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें मुंबईंत अपंग शिपायांना धंदे शिकविणारी संस्था निघाली. तीच पुढें खडकीला गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. १९४४ सालीं पुण्यांत सैनिकांसाठीं कृत्रिम अवयव केंद्रहि उघडलें. या संस्थांची थोरवी कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. पण धंदा शिकावयास जाण्यापूर्वीं रुग्णालयांतले कांहीं महिने असतात, आणि ते महिने फार वाईट असतात. कालपर्यंत ज्यानें दुसऱ्यांना हुकूम दिले त्याच्या सदऱ्याचें बटण आज दुसरा कोणी लावतो. ताटांतला पदार्थहि दुसरा कोणी कापून देतो. अशा माणसाला एखादें लहानसें, तास-अर्ध्या तासांत पुरें होणारें आणि आरंभापासून शेवटपर्यंत स्वतःचें असें काम हवें असतें. शिवाय शिकाऊ माणसानें विणलेल्या टोपलीची स्तुति भेटीस आलेले आप्तेष्ट भीडेखातर करतात; माशीची परीक्षा घेणारा मात्र भीड जाणत नाहीं. बांधणाऱ्याचे हात किती, हें ट्राउटला ठाऊक नसतें. किडा खरा वाटला तर तो घेतो, न वाटला तर तोंड फिरवितो. ज्याला महिनोन् महिने सर्वांनीं संभाळून घेतलें आहे त्याला असा परीक्षक भेटणें, ही मला या उपक्रमांतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

एका हाताचा मच्छीमार ही तशी नवलाई नव्हे. इंग्रज आरमाराचा सेनापति नेल्सन याचा उजवा हात १७९७ सालीं तेनेरीफवरील हल्ल्यांत गेला. पुढें तो डाव्या हातानें माशीची मासेमारी करीत राहिला, अशी नोंद प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनीं १८२८ सालच्या आपल्या मासेमारीवरील ग्रंथांत केली आहे. पण गळ फेंकणें हें मुळांतच बव्हंशीं एका हाताचें काम आहे. बांधण्याची गोष्ट वेगळी.

ती गोष्ट समजून घ्यावयाची तर हात काय करतात, तें आधीं पाहिलें पाहिजे. दोन हातांचें काम दोन हात सारखें वांटून घेत नाहींत. बहुधा एक हात करतो, आणि दुसरा नुसता धरतो. सुईंत दोरा ओंवतांना डावा हात सुई धरतो. बाकी सारी हुषारी उजव्याची. आणि धरण्याचें काम हातानेंच केलें पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतली विळी पाहा: तेथें पातें हातांत नसतेंच, पाट पायानें दाबून धरलेला असतो, म्हणून दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. देवळाच्या दारांत गजरे करणारी बाई दोरा पायाच्या अंगठ्याला अडकविते. टकळीवर सूत काढतांना सुताला ताण देण्याचें काम टकळीचें स्वतःचें वजन करतें. एका हाताच्या कारागिरानें एवढेंच करावयाचें: कामाच्या प्रत्येक पायरीला 'येथें धरतें कोण?' असें विचारावयाचें, आणि तें धरणें वजनाकडे, चिमट्याकडे, मेणाकडे नाहीं तर दातांकडे सोंपवावयाचें. उरलेलें करणें एक हात करतो. तें त्याचेंच काम असतें.

आतां प्रत्यक्ष कृति. गळाच्या टोंकाशीं, मासा सुटूं नये म्हणून, एक बारीक उलटा कांटा असतो. गळ व्हाइसमध्यें बसविण्यापूर्वीं तो कांटा त्याच जबड्यांत दाबून सपाट करावा. दोन हातांच्या माणसाला ही सोय आहे. एका हाताच्या माणसाला ही गरज आहे. गळ बोटांत रुतला तर आपण दुसऱ्या हातानें काढतों. ज्याला दुसरा हात नाहीं त्याच्या एकुलत्या हातांत कांटेरी गळ रुतला म्हणजे त्याला कोणाला तरी हांक मारावी लागते, आणि तें टाळण्यासाठींच तर हा सारा खटाटोप.

मग दोरा. दोऱ्याचें रीळ दोन तारांच्या चिमट्यांत बसविलेलें असतें आणि दोरा पुढच्या बारीक नळींतून बाहेर येतो. या साधनाला बॉबिन म्हणतात. शिवणयंत्रांतली बॉबिन ती ही नव्हे. नळींतून दोरा ओंवण्याची युक्ति मोठी मौजेची आहे: दोऱ्याचें टोंक नळीच्या आंतल्या तोंडाशीं ठेवावें, आणि बाहेरच्या तोंडाला ओंठ लावून हवा ओढून घ्यावी. दोरा आपोआप आरपार येतो. येथें दुसऱ्या हाताचें काम श्वासानें केलें. दोऱ्याचें मोकळें टोंक टेबलाच्या कडेला बसविलेल्या चिमट्यांत अडकवून दोरा गळावर पांच-सहा वेळां स्वतःच्याच अंगावर गुंडाळला कीं तो घट्ट बसतो. यापुढें बॉबिन हातांतून सोडली तरी चालते. ती टकळीप्रमाणें खालीं लोंबत राहते आणि तिच्या वजनानें सगळे वेढे ताणलेले राहतात. दोन हातांचा कारागीरहि हीच बॉबिन वापरतो. पण त्याच्या दृष्टीनें ती नुसती सोय, आणि याच्या दृष्टीनें तो दुसरा हातच.

सर्वांत अवघड पायरी म्हणजे मघांशीं सांगितलेली चिमूट. तिला तीन उपाय आहेत. वाटेल तसा वांकणारा एक दांडा टेबलावर उभा करून त्याच्या टोंकाला चिमटा लावावयाचा, पीस त्या चिमट्यांत धरून गळाच्या पाठीवर टेकवावयाचें, आणि मोकळ्या हातानें बॉबिन फिरवावयाची. वॉशिंग्टन राज्यांतील एव्हरेट या गांवच्या एव्हरग्रीन फ्लाय फिशिंग क्लबानें अशा कामासाठीं 'एव्हरग्रीन हँड', म्हणजे एव्हरग्रीनचा हात, या नांवाचें साधन तयार केलें आहे; नांवांतच त्याचें काम आलें. दुसरा उपाय मेणाचा: दोऱ्याला चिकट मेण चोळलें कीं पिसाचें देंठ क्षणभर त्याला चिकटून राहतें, आणि तेवढ्या क्षणांत पहिला सैल वेढा पडतो. तिसरा उपाय सर्वांत साधा. पीस आंगठा आणि पहिलें बोट यांत धरावें, बॉबिन त्याच हाताच्या तळव्यांत उरलेल्या बोटांनीं धरावी, आणि मनगट फिरवून वेढा टाकावा. हा उपाय सांगावयास सोपा, करावयास कठीण. आठ-दहा वेळां दोरा तुटतो. परंतु दोरा तुटतां तुटतांच तो किती ताण सोसतो तें बोटाला कळूं लागतें, आणि तें दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें कळत नाहीं.

शिकाऊ माणसाला प्रथम 'वूली बगर' नांवाची माशी देतात. ती गुबगुबीत, केसाळ, सुरवंटासारखी असते आणि थोडें वांकडें-तिकडें सहज झांकून नेते. तिला मऊ लवदार पिसांची शेंपटी, शेनिलच्या म्हणजे मखमली दोरीच्या वेढ्यांचें अंग, आणि त्यावर कोंबड्याच्या मानेचें एक लांब पीस मळसूत्रासारखें गुंडाळलेलें असतें. हें पीस गुंडाळतांना फिरता व्हाइस फार उपयोगी पडतो. पिसाच्या टोंकाला जड चिमटा लावून तो लोंबता सोडावयाचा आणि हातानें व्हाइसच फिरवावयाचा. म्हणजे पीस गळाभोंवतीं नेण्याऐवजीं गळच पिसाखालीं फिरतो. मधून मधून बोटानें पीस पुढें सरकवावें लागतें, इतकेंच. कातरीची अडचण वाटते तितकी नाहीं. दोरा बॉबिनच्या वजनानें ताठ असतो, आणि पिसाचें उरलेलें टोंक दोऱ्यानें बांधलेलें असतें. कापण्याची वस्तु दुसऱ्या कोणीतरी धरलेली असली कीं कातर एका हाताचीच आहे.

शेवटची गांठ दोन हातांनीं मारण्याची रीत देखणी आहे, पण ती येथें सोडून द्यावी. बॉबिन व्हाइसला जोडलेल्या एका आंकड्यावर ठेवून दोरा आडवा ताणावा. रिकाम्या टांकाच्या नळीसारखी बारीक पोकळ नळी हातांत घेऊन तिच्या टोंकाभोंवतीं दोऱ्याचा एक फेरा घ्यावा, नळीचें तोंड गळाच्या डोळ्यावर टेकवावें, आणि फेरा नळीवरून गळावर सरकवून दोरा आवळावा. अशा तीन-चार गांठी पुरतात. वर लाखेचा किंवा प्रकाशानें घट्ट होणाऱ्या राळेचा एक थेंब.

खरा वैताग मात्र बांधण्यांत नसून पुड्या उघडण्यांत आहे. पिसें, गळ, लोकर हें सारें चिमुकल्या कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येतें, आणि पिशवी उघडणें हें निखळ दोन हातांचें काम! म्हणून सगळा सरंजाम रुंद तोंडाच्या जड बरण्यांतून ठेवावा, आणि टेबलाच्या कडेला एक लोहचुंबक बांधून ठेवावा. खालीं सांडलेले गळ त्यानें उचलतां येतात.

ज्याचा उजवा हात गेला त्याची आणखी एक अडचण. त्याला व्हाइस उलट तोंड करून ठेवावा लागतो, आणि पुस्तकांतलीं सगळीं चित्रें त्याला उलटीं पडतात. अशा वेळीं शिकविणाऱ्यानें शेजारीं न बसतां समोर बसावें. उजव्या हाताचा गुरु समोर बसला म्हणजे डाव्या हाताच्या शिष्याला तो आरशासारखा दिसतो. आणि गुरूनें स्वतःहि एक हात पाठीशीं बांधून दोन-चार माश्या बांधून पाहिल्या असाव्या. तसें न केलेला गुरु 'हें धरा आणि तें गुंडाळा' असें सहज बोलून जातो, आणि दोन क्रियापदांत दोन हात मागितले हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं. मदतीचा मोह आवरणें हें तर त्याचें सर्वांत कठीण काम. पीस निसटतांना दिसत असतें, आपलीं दोन बोटें पुढें केलीं कीं काम होणार असतें. पण तीं पुढें केलीं कीं ती माशी दोघांची होते, आणि पुढच्या माशीलाहि शिष्य त्याच बोटांची वाट पाहूं लागतो.

कोणी म्हणेल, आतां विजेवर चालणारे कृत्रिम हात निघाले आहेत, मग ही यातायात कशाला? ते हात अद्भुत आहेत खरे. पण खोट्या बोटाला स्पर्श कळत नाहीं, किंवा फारच थोडा कळतो. आणि दोरा तुटण्याच्या बेतांत आहे कीं नाहीं, तें सांगणारा स्पर्शच असतो. कृत्रिम हात पुष्कळजण कांहीं दिवस वापरून खुंटीला लावतात. जे वापरतात तेहि माशी बांधतांना त्याला बहुधा धरण्याच्याच कामाला लावतात.

हें सारें ऐकतांना कित्येक श्रोत्यांना सैनिक नव्हे, तर घरांतलेंच कोणी आठवलें असेल. एक हात निकामी होण्याचें आपल्याकडील नेहमींचें कारण लढाई नसून अर्धांगवायु हें आहे. मूळ विचार तोच येथेंहि लागू पडतो. सुई साबणाच्या वडींत उभी खोंचली कीं एका हातानें दोरा ओंवतां येतो. ताटाखालीं ओलें फडकें घातलें कीं ताट सरकत नाहीं. फळीला खालून दोन खिळे मारून त्यांच्या टोंकांवर बटाटा रोंवून ठेवला, तर तो एका हातानें सोलतां येतो. अशा युक्त्यांचें व्यवसायोपचार या नांवाचें रीतसर शास्त्र आहे. त्याची अमेरिकेंतील पहिली संस्था १९१७ सालींच न्यूयॉर्क राज्यांत क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथें, जॉर्ज बार्टन या डावी बाजू लुळी पडलेल्या वास्तुशिल्पज्ञाच्या घरीं, स्थापन झाली. आणि आपल्याकडे त्याचें शिक्षण १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत, जन्मानें अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नानें सुरू झालें. घरांत असा रुग्ण असेल तर या तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. पुष्कळ घरांतून औषधें वेळेवर दिलीं जातात, पण हा सल्ला कोणी विचारीत नाहीं.

राहिली नदी. तेथें काठी हातांत असते, म्हणून दोरी ओढण्यास हात उरत नाहीं. कोणी दोरी दातांत धरतात. कोणी छातीवर पट्टा बांधून त्यांतल्या खोबणींत काठीचा दांडा रोंवतात आणि हात मोकळा करून घेतात. लागलेला मासा बहुतेक ठिकाणीं पुन्हां पाण्यांत सोडण्याची चाल आहे. काठी काखेंत दाबावयाची, दोरीवरून हात सरकवीत गळापर्यंत न्यावयाचा, आणि मासा पाण्यांतच असतांना गळ आल्या वाटेनें उलटा फिरवावयाचा. कांटा आधींच दाबून सपाट केलेला असतो, त्यामुळें तो लगेच निसटतो. माशाला धरावें लागत नाहीं.